दाब उतरला की डोंगर उभा राहतो

‘मॉरिशसच्या खाली हरवलेला खंड सापडला’ ही बातमी मूळची २०१७ सालची, पण ती अधूनमधून नवे कपडे घालून परत येते. या खेपेला शाळेच्या ग्रुपवर आली ती थेट लेमुरिया हा समुद्रात बुडाल्याचे सांगितला जाणारा खंड, बुडालेली द्वारका आणि कुणीतरी संगणकावर रंगवलेले सोन्याच्या कळसांचे शहर असा लवाजमा घेऊन. त्याखाली एका मित्राने विचारले, “आम्ही पुढच्या महिन्यात चाललोच आहोत. कुठल्या पॉइंटवरून दिसतो हा खंड?”

कुठल्याच नाही. खंड म्हणून जे काही आहे ते लाव्हाच्या जाड थरांखाली गाडलेले आहे आणि त्याचा पुरावा वाळूच्या कणाएवढ्या स्फटिकांत आहे. त्याकडे येऊच. मित्राला मात्र मी सांगितले की पश्चिम किनाऱ्यावरच्या काझ नोयाल गावातून शामारेलच्या घाटात गाडी घाल, वर प्लेन शांपान्यच्या माथ्यावर जा आणि तिथून डोंगराच्या धारेवर जमेल तेवढे चाल. बुडालेल्या खंडापेक्षा भारी गोष्ट तिथे पायाखाली आहे. आपल्या सह्याद्रीशी तिचे रक्ताचे नाते आहे.

मॉरिशसमध्ये गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भाड्याची गाडी स्वतः चालवायला अवघड नाही. काझ नोयाल अगदी समुद्राला लागून आहे. किनारा सोडला की रस्ता लगेच वर उठतो. वळणावळणावर मागे प्रवाळभिंतीच्या आतले उथळ निळे पाणी, त्यातले ईल ओ बेनितिए हे बेट आणि ल मॉर्नचा ५५६ मीटर उंचीचा कातळ दिसत राहतो. मग शामारेल गाव, मग आणखी चढ, आणि मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातून जाणारा माथ्यावरचा रस्ता. त्याचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटरवर आहे. पुढे अलेक्झांड्रा धबधब्याचा फाटा आणि त्याच्याही पुढे गंगा तलाव. न थांबता गेलात तर फार वेळ लागत नाही, म्हणून थांबत जावे.

घाट चढताना कानाला दडे बसतात. समुद्रकाठी हवेचा दाब साधारण १०१३ मिलिबार असतो, या माथ्यावर तो ९२५ च्या आसपास येतो. तिथे स्टोव्ह पेटवून चहाचे आधण ठेवले तर ते १०० अंशांना नव्हे, साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळेल. पाणी तेच आणि स्टोव्हही तोच, फक्त पाण्यावरचे हवेचे ओझे कमी झाले. वाफ व्हायला पाण्याला जागा लागते, आणि ओझे कमी असले की ती जागा कमी उष्णतेत मिळते. शाळेत आठवी-नववीत हे वाचून आपण विसरून जातो. इथे ते आठवायचे कारण असे, की हा अख्खा डोंगर याच तत्त्वाने घडला आहे. खाली खोलवर दाब उतरला म्हणून तो जन्मला, आणि वर हवेत दाब उतरतो म्हणून तो झिजतो आहे.

आधी जन्माचे पाहू. पृथ्वीच्या पोटात लाव्हारस खदखदतो आहे आणि जिथे कवचाला भोक पडते तिथून तो बाहेर येतो, असे बहुतेकांना वाटते. पाठ्यपुस्तकांतली लाल-नारिंगी चित्रे याला जबाबदार आहेत. प्रत्यक्षात कवचाच्या खाली जवळपास २९०० किलोमीटर खोलीपर्यंत जे प्रावरण आहे ते घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, आणि त्या प्रावरणातून बिनदिक्कत आरपार जातात. त्या अडतात त्याच्या खाली, बाह्यगाभ्याच्या सीमेवर. म्हणजे प्रावरण हा दगड आहे. तापलेला आणि लाखो वर्षांच्या हिशेबात हळूहळू सरकणारा, पण दगडच. मग लाव्हा येतो कुठून?

इथे सगळ्यांचे पहिले उत्तर असते, ‘खालून उष्णता मिळते, दगड तापतो आणि वितळतो’. मॉरिशसच्या बाबतीत ते चुकीचे आहे. खरा प्रकार इतका उलटा आहे की पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. म्हणून आकडे घेऊन बसू.

प्रावरणाचा दगड म्हणजे पेरिडोटाइट. जमिनीवर, साध्या हवेच्या दाबाखाली तो तापवला तर सुमारे ११२० अंश सेल्सिअसला वितळू लागतो. पण १०० किलोमीटर खोलीवर त्याच्यावर जवळपास ३०,००० वातावरणांचा दाब असतो. द्रव होण्यासाठी दगडाला थोडे फुगावे लागते आणि हा दाब त्याला फुगू देत नाही. त्यामुळे तिथे त्याचा वितळण्याचा बिंदू वर सरकून १४७० अंशांच्या आसपास जातो. १५० किलोमीटरवर तो साधारण १६३० होतो. थोडक्यात, जितके खोल तितके वितळणे कठीण.

आता समजा, आजूबाजूच्या दगडापेक्षा दीडदोनशे अंशांनी जास्त तापलेला दगडाचा एक प्रचंड स्तंभ खालून वर येतो आहे. तापलेला म्हणून किंचित हलका, आणि हलका म्हणून वर. वेग वर्षाला काही सेंटीमीटर धरा. वाटेत तो थंड होणार नाही का? इथे दगडाचा आणखी एक गुण कामी येतो. दगडातून उष्णता अतिशय सावकाश झिरपते. वर्षाभरात ती पाचसहा मीटर सरकते, आणि अंतर काळाच्या वर्गमुळाने वाढत असल्यामुळे दहा लाख वर्षांतही जेमतेम पाचसहा किलोमीटर. शंभर किलोमीटर रुंद स्तंभाला तेवढ्या काळात ती बाहेर टाकणे जमत नाही. तो थंड होतो तो फक्त एका कारणाने: वर येताना दाब कमी होतो, दगड किंचित प्रसरण पावतो, आणि त्या प्रसरणाचा खर्च त्याच्या स्वतःच्या उष्णतेतून जातो. हा खर्च किलोमीटरमागे जेमतेम अर्धा अंश.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवा. दगडाचे तापमान किलोमीटरमागे अर्ध्या अंशाने उतरते आहे. त्याचा वितळण्याचा बिंदू मात्र किलोमीटरमागे तीन-चार अंशांनी उतरतो आहे. १५० किलोमीटर खोलीवर आपला स्तंभ १५६० अंशांवर आहे आणि तिथला वितळण्याचा बिंदू १६३०. म्हणजे घन. तो १०० किलोमीटरवर आला तेव्हा त्याचे तापमान १५४० झाले, पण तिथला वितळण्याचा बिंदू १४७०! दगडाने मधेच कुठेतरी रेषा ओलांडली आणि तो वितळू लागला. त्याला कुणी तापवले नाही. उलट तो वीस अंशांनी थंड झाला, आणि तरी वितळला.

मला हे भूविज्ञानातले सर्वांत देखणे वाक्य वाटते. थंड होत होत वितळणारा दगड.

याला थोडी पुस्ती जोडावी लागेल, कारण वितळणे सुरू झाले की हिशेब बदलतो. बर्फाला पाणी व्हायला जशी सुप्त उष्णता लागते तशी दगडालाही लागते, आणि ती पुन्हा त्याच्याच साठ्यातून जाते. त्यामुळे तापमान आता भराभर उतरते आणि वितळण्याच्या बिंदूला चिकटून चालते. परिणामी सगळा दगड कधीच वितळत नाही. दर दहा किलोमीटर चढाईला साधारण तीन-चार टक्के, एवढेच. त्यातही आधी पाझरतात ती लवकर वितळणारी खनिजे, मुख्यतः पायरॉक्सिन. हट्टी ऑलिव्हिन मागे उरते. म्हणूनच पेरिडोटाइटच्या पोटातून पेरिडोटाइटचा रस बाहेर न पडता वेगळ्याच घडणीचा, सिलिका जास्त आणि मॅग्नेशियम कमी असलेला रस निघतो. तो थिजला की बेसाल्ट, आपला काळा पाषाण. मॉरिशसच्या काही बेसाल्टमध्ये ऑलिव्हिनचे हिरवट दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. रस्त्याच्या कडेला ताजा फुटलेला दगड मिळाला तर उन्हात फिरवून पाहा.

मग साधे, न तापलेले प्रावरण असे वितळत नाही का? वितळते, पण त्याला साठेक किलोमीटर खोलीपर्यंत वर यावे लागते. महासागरांच्या मधोमध जिथे दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कडक थराचे प्रचंड तुकडे, एकमेकांपासून दूर सरकतात तिथे त्याला तशी वाट मिळते आणि सगळा सागरतळ असाच तयार होतो. मॉरिशसखालचा भूपट्ट मात्र जुना, थंड आणि जाड आहे. त्याखाली आलेल्या साध्या प्रावरणाला पुरेसे वर यायला जागाच नाही. तिथे वितळवायचे तर जास्तीचा तापलेला स्तंभ हवा. अशा जागांना तप्तबिंदू म्हणतात. ही कल्पना तुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये हवाई बेटांसाठी मांडली. १९७१ मध्ये जेसन मॉर्गन यांनी तिला प्रावरणाच्या खोल भागातून उठणाऱ्या स्तंभांची, म्हणजे प्लूमची जोड दिली. हे स्तंभ किती खोलवरून येतात यावर आजही भांडणे आहेत. आपल्या डोंगराच्या गोष्टीला त्याने फरक पडत नाही.

आता सह्याद्रीकडे येऊ. मॉरिशसच्या नैर्ऋत्येला सुमारे २०० किलोमीटरवर रियुनियन बेट आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा २६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत कामसू ज्वालामुखींपैकी एक. स्तंभ आज त्या बेटाखाली आहे. ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी तो मॉरिशस घडवत होता. त्याआधी? १९८७ मध्ये जॉइडस रिझोल्युशन हे संशोधनजहाज हिंदी महासागरात या मार्गावर विंधने घेत गेले. मॉरिशसच्या उत्तरेला मॅस्करीन पठाराजवळचा बेसाल्ट सुमारे ३.३ कोटी वर्षांचा निघाला, चागोसजवळचा ४.९ कोटी, मालदीवजवळचा ५.७ कोटी. उत्तरेकडे जावे तसतसे वय वाढत जाते. ही रांग लक्षद्वीपवरून पुढे नेली की ती जिथे पोचते तिथे ६.६ कोटी वर्षांचा बेसाल्ट आहे: दख्खनचे पठार. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, कळसूबाई, राजगड, महाबळेश्वर हे सगळे याच स्तंभाचे काम आहे.

स्तंभ जागच्या जागी होता आणि भारत त्याच्यावरून उत्तरेकडे निघून गेला, तोही एका टप्प्यावर वर्षाला १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त वेगाने. भूपट्टांच्या हिशेबात ही धावच. मध्यंतरी दोन भूपट्टांमधली सीमाच स्तंभावरून सरकली, म्हणून मॉरिशस आज भारताच्या भूपट्टावर नाही, आफ्रिकेच्या आहे. दख्खन आणि मॉरिशस यांतला दुसरा फरक प्रमाणाचा. दख्खनच्या वेळी स्तंभाचे फुगीर डोके भूपट्टाला भिडले होते. त्या लाव्हाने आजही पाचेक लाख चौरस किलोमीटर व्यापले आहेत. मॉरिशसच्या वाट्याला त्याची सडपातळ शेपटी आली.

ट्रेक करणाऱ्यांनी माथ्यावरून एक फरक जरूर पाहावा. राजगडावरून समोरच्या डोंगरांकडे पाहिले तर लाव्हाचे थर जवळपास आडवे दिसतात, कारण तो लाव्हा भेगांमधून निघून सपाट पसरला. मॉरिशसच्या कडेच्या डोंगरांत मात्र थर समुद्राच्या बाजूला कललेले आहेत आणि बेटाच्या आतल्या बाजूला तुटलेले कडे आहेत. चार्ल्स डार्विनने हे १८३६ मध्येच टिपले. बीगल जहाज एप्रिलच्या अखेरीस पोर्ट लुईसला लागले, तो ल पूस या अंगठ्यासारख्या सुळक्याच्या डोंगरावर चढून गेला, आणि बेटाभोवती कडे करून उभे असलेले हे डोंगर एकाच प्रचंड ज्वालामुखीचा उरलेला काठ आहेत, असा विचार त्याने मांडला. (बेटावरच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याकडे हत्ती होता, त्यावरही तो बसला. एवढे मोठे जनावर चालताना आवाज करत नाही याचे त्याला फार आश्चर्य वाटले.) आपली शामारेलची धार त्याच मोडक्या काठाचा नैर्ऋत्येचा तुकडा. नंतरच्या उद्रेकांनी मधला खळगा भरून काढला आणि आजचे मधले पठार तयार झाले. गंगा तलाव हे त्या नंतरच्या काळातले विवर. क्युरपिपचे त्रू ओ सेर हेही तसलेच.

नंतरचे उद्रेक हे स्वतः एक कोडे आहे. भूपट्ट स्तंभापासून सरकल्यावर बेट शांत व्हायला हवे होते. ते झालेही, पण काही लाख वर्षांच्या विश्रांतीनंतर पुन्हा पेटले, आणि शेवटचे उद्रेक तर काही दहा हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे भूविज्ञानाच्या कॅलेंडरात काल रात्रीचे. अशा मागाहूनच्या उद्रेकांसाठी एक विचार असा मांडतात, की शेजारी वाढणाऱ्या नव्या बेटाच्या वजनाने भूपट्ट दबला आणि दूरवर किंचित उचलला गेला. उचलला म्हणजे खालच्या दगडावरचा दाब उतरला. पुन्हा तेच सूत्र. मॉरिशसच्या बाबतीत हे सगळ्यांना मान्य नाही.

गंगा तलावाला जमिनीखालून थेट गंगा येऊन मिळते असे सांगणारे तिथे भेटतील. श्रद्धेने ओंजळ वाहणाऱ्याशी वाद घालायचे कारण नाही. पण भारतातल्या गंगेचे पाणी त्या तलावात पडले ते १९७२ मध्ये, आणि ते माणसांनी वाहून नेले होते.

तर तो खंड. २०१३ मध्ये ट्रॉन्ड टॉर्सविक आणि सहकाऱ्यांनी मॉरिशसच्या किनाऱ्यावरील वाळूत झिरकॉनचे स्फटिक सापडल्याचे प्रसिद्ध केले. वय ६६ कोटी ते जवळपास २०० कोटी वर्षे. जे बेट स्वतःच ९० लाख वर्षांचे, त्यावर हे कसे? वाऱ्याने किंवा जहाजाच्या भरावातून आले असतील, अशी शंका लोकांनी रास्तपणे घेतली. म्हणून २०१७ मध्ये ल्युइस अॅशवाल आणि मंडळींनी वाळू सोडून थेट मॉरिशसच्या ५७ लाख वर्षे जुन्या ट्रॅकाइट या ज्वालामुखी खडकातून झिरकॉन काढले. त्यांतले काही ३०० कोटी वर्षांपर्यंत जुने निघाले. खडकाच्या आत बंद असलेला स्फटिक वाऱ्याने येत नाही. झिरकॉन चिवट असतो, युरेनियम धरून ठेवतो, आणि त्या युरेनियमचे शिसे होण्याच्या वेगावरून त्याचे वय काढता येते. निष्कर्ष असा, की वर येणाऱ्या शिलारसाला वाटेत जुन्या खंडाचा एक तुकडा लागला आणि त्यातले काही स्फटिक तो घेऊन आला. भारत आणि मादागास्कर वेगळे होताना तुटलेल्या या तुकड्यांना मॉरिशिया असे नाव दिले गेले.

हे उत्तम विज्ञान आहे, आणि त्यात शहर नाही. तो खंड फाटला तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर होते, माणसे नव्हती. लेमुरिया तर पूर्णपणे वेगळी भानगड. १८६४ मध्ये फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाला प्रश्न पडला की लेमूर हे माकडांचे दूरचे भाऊबंद मादागास्करमध्ये आहेत आणि त्यांचे नातेवाईक भारतातही, ते कसे. भूपट्ट सरकतात हे तेव्हा माहीत नव्हते, म्हणून त्याने समुद्रात बुडालेल्या जमिनीची कल्पना केली. भूपट्टांचे गणित कळल्यावर तिची गरज संपली. फॉरवर्ड करणाऱ्यांना अजून कुणी कळवलेले दिसत नाही. असाच दुसरा प्रकार म्हणजे मॉरिशसच्या उसाच्या शेतांत रचलेले दगडांचे उंच ढीग, ज्यांना इंटरनेटवर ‘प्राचीन पिरॅमिड’ म्हणतात. उसासाठी जमीन मोकळी करताना शेतातले बेसाल्टचे धोंडे मजुरांनी उचलून एका जागी रचले, त्याचे हे ढीग. १८३४ पासून करारावर नेलेल्या भारतीय मजुरांत रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसेही होती. एका टोकाच्या काळ्या दगडावरून उठून ती त्याच स्तंभाच्या दुसऱ्या टोकाच्या काळ्या दगडावर जाऊन राबली. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांमुळे गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये आज सार्वजनिक सुट्टी असते. या घामाचे श्रेय अज्ञात पिरॅमिडकारांना द्यायला मी तयार नाही.

आता वरचा दाब. ‘सह्याद्री ढगांना अडवतो म्हणून पाऊस पडतो’ हे वाक्य आपण सगळेच पाठ करून मोठे झालो. ढग डोंगराला धडकून फुटत नाहीत. बहुतेक वेळा डोंगरापाशी येईपर्यंत ते ढग नसतातच. येते ती ओलसर हवा. मॉरिशसवर ती आग्नेयेकडून व्यापारी वाऱ्यांबरोबर येते आणि उतार लागला की वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती फुगते. फुगण्याचा खर्च तिच्याच उष्णतेतून जातो, अगदी त्या खालच्या दगडासारखा, फक्त हवा दगडापेक्षा कितीतरी जास्त फुगते म्हणून तिचा खर्च किलोमीटरमागे अर्धा अंश नसून जवळपास दहा अंश असतो. समुद्रकाठी हवा २७ अंशांवर असेल आणि तिचा दवबिंदू, म्हणजे बाष्पाचे थेंब होऊ लागतात ते तापमान, २२ असेल, तर सुमारे ६०० मीटर उंचीला बाष्पाचे थेंब होऊ लागतात. रस्ता ७४० मीटरवर आहे. म्हणजे ढग डोंगरावर ‘येऊन बसत’ नाही, तो तिथेच तयार होतो, आणि तुम्ही गाडीचे दिवे लावून त्याच्या आतून जात असता.

धार ओलांडून हवा पश्चिमेला उतरू लागली की सगळे उलट. दाब वाढतो, हवा आकसते, तापते, थेंब विरतात. माथ्यावर उभे राहून पाहिले तर ढगाची कड एका जागी थबकल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात एका बाजूने तो बनतो आहे आणि दुसऱ्या बाजूने विरतो आहे. मधल्या पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस आणि काही किलोमीटरवरच्या पश्चिम किनाऱ्यावर १००० पेक्षाही कमी. महाबळेश्वरहून वाईला उतरणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

या पावसाने बेसाल्टचे काय होते ते शामारेलला दिसते. तिथली ‘सात रंगांची माती’ तिकीट काढून पाहायची. वेगवेगळ्या तापमानांना थंड झालेल्या लाव्हाचे हे रंग, असे सांगण्याची पद्धत आहे. लाव्हा कोणत्याही तापमानाला थिजला तरी जांभळा किंवा केशरी होत नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होते, आणि उष्ण, ओल्या हवेत ते लाखो वर्षे झिरपत राहिले की बेसाल्टमधले सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि शेवटी सिलिकाही धुऊन नेते. न विरघळणारे लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहते. लोहाचे हेमॅटाइट झाले की लाल, गोथाइट झाले की पिवळट. बाकीच्या छटा त्यांच्या कमीजास्त प्रमाणाच्या. कोकणातला जांभा आणि पाचगणीच्या टेबललँडची लाल टोपी याच कृतीने झाली. रत्नागिरीच्या माणसाने शामारेलला तिकीट काढावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. शेजारचा धबधबा पाहा, त्याच्या कड्यात दोन वेगवेगळ्या काळांचे लाव्हाथर एकावर एक बसलेले आहेत.

चालायचे असेल तर गॉर्जेस व्ह्यूपॉइंटजवळून बेटाच्या सर्वोच्च शिखराकडे वाट जाते: पितों द ला पेतित रिव्हिएर न्वार, ८२८ मीटर. मुळात रस्ताच उंचावर असल्याने वाट बराच वेळ धारेवरून, थोडी वर थोडी खाली अशी जाते. दोन्ही बाजूंना लाल फळांच्या चिनी पेरूची गच्च झाडी लागते. फळे गोड असतात, पण हे झाड बाहेरून आलेले आहे आणि स्थानिक जंगलाला त्याने जेरीस आणले आहे, तेव्हा खाताना अपराधी वाटायचे कारण नाही. मॉरिशसचा ससाणा दिसला तर नशीब. १९७४ मध्ये हे पक्षी जंगलात चारच उरल्याची नोंद होती, तिथून त्यांना माणसांनी परत आणले. पश्चिमेला खाली प्रवाळभिंतीत मधे मधे खिंडी दिसतात. नदीच्या मुखासमोर पाहा, तिथे हमखास असतात, कारण प्रवाळाला गोडे पाणी आणि गाळ दोन्ही सोसत नाहीत. थोडक्यात, धारेवरचा पाऊस समुद्रातल्या भिंतीचाही नकाशा ठरवतो.

शेवटचा टप्पा खडा आहे आणि तिथे दोर बांधलेले असतात. सह्याद्रीत कातळटप्प्यावर हात चालतात, इथे मात्र बेसाल्ट कुजून चिकणमाती झालेली आहे आणि पाऊस पडून गेला असेल तर पाय ठरत नाही. चांगल्या खाचांचे बूट घाला, नवा दिसणारा दोर धरा, आणि सकाळी लवकर निघा. दुपारपर्यंत ऊन जमीन तापवते, तापलेली हवा वर चढते, दाब उतरतो, आणि शिखरावर पोचेपर्यंत समोर पांढऱ्याशिवाय काही उरत नाही.